प्रल्हाद शिंदे : वेशीपलीकडून आलेला आवाज



व्याख्यानमालेच्या मंडपात गायकाचे नाव आले तर ते बहुधा समारोपाच्या दिवशी येते, तेही करमणुकीचा कार्यक्रम म्हणून. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी प्रल्हाद शिंदे हे नाव सांगितले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. त्यांचा मी मनापासून आभारी आहे. आपल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या गेल्या पन्नास वर्षांच्या जगण्याला कुणा एका माणसाचा आवाज असेल, तर तो प्रल्हाद शिंदे यांचा आहे, असे माझे ठाम मत आहे. एवढे मोठे विधान केले म्हणजे ते पटवून देण्याची जबाबदारीही माझीच.

आधी माणसाविषयी थोडे. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढा. महार समाजातले गरिबीचे घर, पण घरात गाणे होते. ना गुरुकुल, ना घराणे, ना संगीत विद्यालयाची परीक्षा. त्यांची खरी शाळा म्हणजे कव्वालीची पार्टी. ‘अल हिलाल’ या १९५८ च्या चित्रपटातल्या कव्वालीमुळे देशभर गाजलेल्या इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते कोरसला होते. कोरसमध्ये बसणे ही गोष्ट आपण हलकी समजतो. मुख्य गायकाने ओळ टाकली की ती त्याच क्षणी, त्याच पट्टीत, त्याच जोमाने उचलायची. टाळी चुकवायची नाही, श्वास चोरायचा नाही, आणि हे पहाटेपर्यंत करायचे. छातीतला दम असा तयार होतो. पुढे त्यांनी स्वतःची पार्टी उभी केली, ध्वनिमुद्रिका निघाल्या, कॅसेटी निघाल्या, आणि कल्याण हे त्यांचे गाव झाले.

कल्याण आपल्याला परके नाही. मुरबाडकर एसटीने कल्याणला उतरतो आणि तिथून पुढची गाडी धरतो. शहापूरकर आसनगावला लोकलमध्ये चढतो, तीही कल्याणवरूनच जाते. बाजार, दवाखाना, कोर्ट, कॉलेज, सगळ्यासाठी आपण ज्या शहराची वाट तुडवली त्याच शहरात हा माणूस राहत होता. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्याच्या सव्वा महिना आधी, १५ मे रोजी, वामनदादा कर्डक गेले होते. एका उन्हाळ्याच्या शेवटाला आंबेडकरी गाण्याचा कवी आणि आंबेडकरी गाण्याचा एक बुलंद गळा, दोन्ही गेले.

आता आवाजाकडे येतो, कारण मी त्यासाठीच उभा आहे.

‘पहाडी आवाज’ असे सगळेच म्हणतात. पहाडी आवाज पुष्कळ शाहिरांचा असतो. विठ्ठल उमपांचा होता, आणि तो किती वेगळा होता! प्रल्हाददादांच्या आवाजाच्या तळाशी थोडी खरखर आहे आणि टोकाला धार आहे. ते वरच्या पट्टीत पूर्ण गळा मोकळा सोडून गातात, पण वर जाताना शब्द चिरडत नाहीत. किती तरी गायक उंच स्वरावर पोहोचले की फक्त स्वर उरतो, शब्द हरवतो. यांचा शब्द तिथेही जसाच्या तसा कळतो. शेतात नांगरणाऱ्या माणसालाही कळतो. कित्येक गाण्यांची सुरुवात ते तालाशिवाय करतात. एक लांब, मोकळी हाक येते, अजून ढोलक वाजलेली नसते, आणि ऐकणारा हातातले काम थांबवून मान वर करतो. मग ताल येतो. ही कव्वालीची रीत आहे. मैफल अजून स्थिरस्थावर व्हायची असते, लोक चहा पीत असतात, गप्पा मारत असतात. त्यांना एका सुरात ओढून घ्यायचे असते. ती रीत त्यांनी विठ्ठलाच्या गाण्यात आणली, सत्यनारायणाच्या गाण्यात आणली.

आणि हा आवाज आपल्यापर्यंत आला तो भोंग्यातून. या गोष्टीवर मला जरा थांबायचे आहे.

आपल्यापैकी कितीजणांनी प्रल्हाद शिंदे यांना समोर बसून ऐकले? थोडेच हात वर येतील. आपण त्यांना ऐकले ते आंब्याच्या झाडावर नाहीतर उंच बांबूवर बांधलेल्या कर्ण्यातून. धसईच्या बाजूच्या एका हळदीत मी लहानपणी स्पीकरवाल्याच्या खाटेशेजारी बसून राहिलो होतो. खाटेवर आहुजाचा अॅम्प्लिफायर, खाली बॅटरी, कारण विजेचा भरवसा नव्हता. एक भोंगा आपल्या पाड्याकडे तोंड करून, दुसरा मुद्दाम शेजारच्या गावाकडे. कॅसेटची रीळ सैल पडली की तो पेन्सिल घालून फिरवायचा, मग कॅसेट तळहातावर दोनदा आपटून आत सारायचा. पहिले गाणे देवाचे, हा नियम. आणि पहिले गाणे देवाचे म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचे, हे सांगावे लागत नसे.

त्यामागे एक साधे कारणही आहे. भोंग्यातून खर्ज निघत नाही. तबल्याचा डग्गा, गायकाचा खालचा स्वर, हे त्या पत्र्यात विरून जाते. फार नाजूक, बारीक हरकतीही वाऱ्यावर जातात. मधला आणि मधल्याच्या वरचा आवाज तेवढा दूर जातो. स्टुडिओच्या मायक्रोफोनजवळ हळुवार गाणारे मोठमोठे गायक त्या भोंग्यातून नाकात बोलल्यासारखे ऐकू यायचे. प्रल्हाददादांचा गळा मुळातच उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला घडलेला. त्या यंत्रात त्यांचे काही हरवलेच नाही. माहुलीच्या पायथ्याच्या गावात लावलेले गाणे दोन शेते ओलांडून ऐकू यायचे, आणि ऐकणाऱ्याला कळायचे की आज अमक्याकडे पूजा आहे. ते निमंत्रणच असे.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. भोंगा आला तेव्हा धवलारणीचा आवाज दबला. आपल्याकडच्या आगरी-कुणबी लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांना पुरोहिताइतका मान होता. रात्रभर त्यांच्या गळ्यावर हळद चालायची. स्पीकरच्या गोंगाटात त्या मागे सरल्या. त्याचा दोष एका गायकावर टाकता येणार नाही, पण आपण काय मिळवले हे मोजताना काय गमावले तेही मोजायला हवे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मंगळवेढा हे संत चोखामेळा, म्हणजेच चोखोबांचे गाव. तिथे गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा गेले, अशी परंपरा आहे. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला पायरी चढू दिली नाही, त्याला समाधीही पायरीशीच मिळाली. मंगळवेढा ते पंढरपूर अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. या अंतरातले शेवटचे काही हात ओलांडायला चोखोबांच्या समाजाला सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, त्यानंतर विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडले. तेव्हा मंगळवेढ्याच्या प्रल्हादचे वय होते चौदा.

या मुलाने मोठे होऊन ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गायले. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. आज महाराष्ट्रातली वारी या गाण्याशिवाय कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. कार्तिकीला आपल्या भागातल्या दिंड्या माळशेज चढून आळंदीकडे निघतात, मागच्या टेम्पोवर भोंगा असतो, आणि घाटाच्या वळणावर हाच आवाज असतो. ज्या देवळाच्या आत त्याच्या आजोबा-पणजोबांना पाऊल टाकता आले नाही, त्या देवळाकडे निघालेल्या लाखो लोकांच्या पावलांना याने चाल दिली.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि समाजाने वाट बदलली. प्रल्हाददादा आयुष्यभर भीमगीते गायले, बुद्धगीते गायले. विठ्ठल उमप, गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते अशा गायकांनी जागवलेली कव्वालीच्या सामन्यांची जी आंबेडकरी परंपरा, तिच्यातले ते पहिल्या फळीतले नाव. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी ज्यांच्या कॅसेटी विकल्या गेल्या, त्यांत ते होते. मग विठ्ठलाची, गणपतीची, अंबाबाईची गाणी कशी, असे त्यांच्याच माणसांनी विचारले असेल, आणि तो प्रश्न खोटा नाही. कुणी म्हणेल पोटासाठी. कुणी म्हणेल जुन्या संस्काराने. त्यांच्या मनात काय होते ते ठरवण्याचा अधिकार मी घेणार नाही. मी एवढेच सांगतो की गाण्यात जे ऐकू येते त्यात व्यवहार ऐकू येत नाही. रोजंदारीवर आलेला माणूस अशी हाक मारत नाही.

आणि ती हाक कसली आहे, ते ऐका. त्यांच्या भक्तिगीतांत सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांपैकी एकाचे नाव आहे ‘आता तरी देवा मला पावशील का’. हे नावच प्रश्नाचे आहे. कव्वालीच्या सामन्यात एक पार्टी सवाल टाकते, दुसरीने जवाब द्यायचा असतो. समोरचा कितीही मोठा असो, सवाल टाकताना गायक नजर खाली घालत नाही. माझे म्हणणे असे की प्रल्हाददादांनी देवालाही समोरच्या पार्टीत बसवले आणि त्याच्याकडे पाहून सवाल टाकला. विनवणी आहे, आर्जव आहे, पण लाचारी नाही. भीमसेन जोशी यांची संतवाणी ऐकताना माणूस देवळाच्या गाभाऱ्यात उभा असल्यासारखा होतो. तो अनुभव फार मोठा आहे. प्रल्हाद शिंदे ऐकताना तो महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीजवळ उभा असतो आणि तिथून आत आवाज पोहोचवायचा असतो. म्हणून तो आवाज तेवढा उंच आहे. चोखोबांनीही विठ्ठलाला प्रश्नच विचारले होते. मधल्या सहाशे वर्षांत प्रश्न विचारणाऱ्याचा गळा बदलला; पण वर्ग बदलला नाही आणि जागाही नाही.

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या गावाची रचना डोळ्यांपुढे आणा. एका टोकाला कुणब्या-आगऱ्यांची आळी, विठ्ठल-रखुमाईचे नाहीतर मारुतीचे देऊळ. दुसऱ्या टोकाला बुद्धवाडा. श्रावणात या टोकाला सत्यनारायण असतो आणि भोंग्यावर ‘ऐका सत्यनारायणाची कथा’ असते. १४ एप्रिलला त्या टोकाला निळे झेंडे असतात आणि भोंग्यावर भीमगीत असते. दोन्ही दिवशी आवाज एकाच माणसाचा. स्पीकरवालाही बहुतेक वेळा एकच. मधल्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला, डोळे मिटून ऐकले तर, गावाचे कुठले टोक आहे ते शब्दांवरूनच कळावे, आवाजावरून कळू नये, अशी ही गोष्ट आहे.

यामुळे जात गेली असे मी म्हणणार नाही. सकाळी त्यांचे गाणे लावून दुपारी पाणवठ्यावर शिवाशीव पाळणारी गावे महाराष्ट्राने पाहिली आहेत. देवघरात आवाज आला म्हणून ओटीवर माणूस आला असे झाले नाही. गाणाऱ्याचे नाव विचारण्याची तसदीही पुष्कळांनी घेतली नाही, आणि त्या न विचारण्यातही काही होते. पण आपल्या आज्यांनी ज्या आवाजाने पहाटे देवापुढे दिवा लावला तो आवाज वेशीपलीकडच्या माणसाचा होता, ही वस्तुस्थिती आहे. ती एकदा कळली की गावाला ती विसरता येत नाही. आजच्या तरुण मुलांना ती कळावी म्हणून मी हे बोलतो आहे.

अशी उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जो गळा घडला त्यातूनच ‘सोल’ नावाचे संगीत बाहेर पडले. सॅम कुक हा गायक आधी देवाची गाणी गाणाऱ्या मंडळीत होता. १९५७ मध्ये त्याने प्रेमगीत गायले आणि ज्या गोऱ्या घरांत त्याच्या माणसांना पुढच्या दाराने प्रवेश नव्हता तिथे त्याची तबकडी वाजू लागली. आपल्याकडच्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली तेव्हा अमेरिकेकडे पाहूनच नाव घेतले होते. त्या तरुणांच्या कविता विद्यापीठांत गेल्या, त्यांच्यावर प्रबंध झाले, भाषांतरे झाली. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच काळात, त्याच समाजातून आलेला जो आवाज प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक रसवंतीवर वाजत होता, त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा आणि फार थोडे गेले. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आपण गजानन वाटवे, सुधीर फडके, गीतरामायणाचे १९५५ साल, अशी नावे-तारखा तोंडपाठ सांगतो. प्रल्हाद शिंदे यांची पाळी येते ती ‘लोकप्रिय गायक’ अशा एका शब्दात. लोकप्रिय म्हणजे जणू विचार करण्याजोगे नाही! हा अन्याय आहे, आणि तो गाण्याच्या गुणवत्तेवरून झालेला नाही. तो गाणे कुठे वाजले आणि कुणी गायले यावरून झाला आहे.

घराणे नव्हते म्हणालो, पण त्यांच्यापासून एक घराणे सुरू झाले. आनंद आणि मिलिंद ही मुले ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटच्या लाटेत घराघरांत पोहोचली. नातू आदर्श यांचे ‘दुनियादारी’ चित्रपटातले देवाला उद्देशून म्हटलेले गाणे २०१३ साली आपल्या पोरांच्या मोबाइलवर होते. ते नीट ऐका; आजोबांची हाक त्यात आहे. याच्या तपशिलात मी जात नाही, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

मी आणखी एका जागेचा उल्लेख करतो, कारण ती आपली आहे. म्हशाची जत्रा. पौष पौर्णिमेला भरणारी, खांबलिंगेश्वराची. बैलबाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू, आणि रांगेने कॅसेटवाले. प्रत्येकाचा टेप वेगळा, प्रत्येकाचे गाणे वेगळे, सगळे एकाच वेळी. त्या कल्लोळातून चालताना कानाला जो एक आवाज वेगळा काढता येत असे तो प्रल्हाददादांचा. लोक तिथून एक कॅसेट घेऊन जात. शहापूरच्या दूरच्या पाड्यावर, जिथे भातसा आणि तानसाचे पाणी डोळ्यांसमोरून मुंबईला जाते आणि बाई मात्र मार्च-एप्रिलमध्ये हंडा घेऊन उतरणीला लागते, अशा घरातही ती एक कॅसेट असे. देवाला प्रश्न विचारणारे गाणे तिथे का आवडत असेल हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटी एक विनंती करतो, आणि ती अगदी कामाची आहे.

त्यांची सगळी गाणी इंटरनेटवर आहेत असा समज आहे. गाजलेली आहेत. पण कव्वालीच्या सामन्यांची, जयंतीच्या रात्रीच्या कार्यक्रमांची, गावातल्या कुणीतरी साध्या टेपवर भरून घेतलेली गाणी घरांत पडून आहेत. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. चार महिन्यांच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, रीळ चिकटते, आणि एकदा चिकटलेली रीळ ओढली की वरचा थर निघून येतो. गाणे कायमचे जाते. जुन्या तबकड्यांची पाकिटे वाळवी खाते. कॅसेटच्या आत घडी घातलेला तो छापील कागद बहुतेकांनी फेकून दिला आहे, आणि त्या कागदावरच गीतकाराचे, संगीतकाराचे नाव असते. इंटरनेटवर तीच नावे चुकीची टाकली जातात किंवा टाकलीच जात नाहीत.

म्हणून माझे मागणे आहे. घरी गेल्यावर पोटमाळ्यावरची ती पेटी काढा. कॅसेट जुन्या टेपमध्ये घालून वाजवून पाहू नका, तुटेल. कागदासकट तशीच कोरड्या डब्यात ठेवा आणि आपल्या गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात आणून द्या. त्यावर एका चिठ्ठीवर लिहा: कुणाच्या घरची, कुठे वाजली, कुणी भरून घेतली. वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना मी या व्यासपीठावरून सांगतो, एक कपाट या कामासाठी मोकळे करा आणि कॅसेटवरून संगणकावर गाणे उतरवून घेऊ शकणारा एखादा जाणकार मुलगा किंवा मुलगी या कामाला लावा. ज्या स्पीकरवाल्यांनी ही गाणी वाजवली त्यांच्यातले काही अजून आहेत, वय झाले आहे. त्यांच्याशी बोलून ते लिहून ठेवा. धवलारणी अजून आहेत, त्यांचेही लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे झाले पाहिजे.